लॅडरवर चढण्याआधी

‘स्टारक्राफ्ट २’ खेळताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर तीन आकडे दिसतात: मिनरल, गॅस आणि सप्लाय. नवखा खेळाडू हे आकडे सोडून बाकी सगळं बघतो. लढाई बघतो, स्फोट बघतो, आणि तोवर मिनरल हजारावर जाऊन बसलेले असतात. हजार मिनरल म्हणजे वीस मरीन. समोरच्याने त्याचे वीस मरीन काढले, आपले वीस तिजोरीतच राहिले, इतकं साधं कारण सुरुवातीच्या बहुतेक पराभवांमागे असतं. म्हणून खाली दिलेली सगळी तयारी आलेला पैसा लगेच खर्च करायला शिकवणारी आहे. डावपेचांचं नंतर बघू.

गेम २०१० सालचा आहे आणि नोव्हेंबर २०१७ पासून ऑनलाइन मॅच फुकट खेळता येतात. ‘विंग्ज ऑफ लिबर्टी’ ही पहिली कॅम्पेनही फुकटच. ती हौसेने खेळा, गोष्ट रंगतदार आहे, पण तिला सराव समजू नका. तिथले मेडिक, फायरबॅट आणि गोलायथ मल्टिप्लेअरमध्ये नाहीत. त्यांच्या जिवावर जिंकायची सवय लागली की ती मोडायला वेळ जातो.

टेरन, झर्ग, प्रोटॉस यांतली एक रेस धरा आणि काही महिने सोडू नका. इथे टेरन घेतलंय. झर्गमध्ये वर्कर आणि सैनिक एकाच अळीतून निघतात, त्यामुळे आत्ता नक्की काय काढायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मानगुटीवर बसतो. टेरनचं तसं नाही. कमांड सेंटरमधून वर्कर निघतो, बॅरक्समधून सैनिक. दोन्ही सतत चालू ठेवायचे, एवढं कळलं तरी पुरे.

आधी कीबोर्ड. कमांड सेंटर निवडून कंट्रोल आणि ४ दाबा. बॅरक्स उभं राहिलं की ते ५ वर घ्या. सैन्य १ वर. आता लक्ष कुठेही असो, ४ आणि एस दाबलं की वर्कर, म्हणजे एससीव्ही, तयार व्हायला लागतो. ५ आणि ए दाबलं की मरीन. इमारतीवर माउसने क्लिक करायला स्वतःला बंदी घाला. पहिले काही गेम हात अडखळेल, अडखळू द्या. एफ२ हे सगळं सैन्य एका फटक्यात निवडणारं बटण मोहात पाडतं, पण टेहळणीला पाठवलेला रीपरही त्याने हाकेसरशी परत येतो. बोटांच्या वेगाचा धसका मात्र घेऊ नका. डीपमाइंडचा ‘अल्फास्टार’ हा एआय २०१९ मध्ये ग्रँडमास्टर लीगपर्यंत पोचला, तो हालचालींच्या वेगावर मर्यादा घातलेली असताना.

मग सर्वांत सोप्या एआयसमोर एकटे बसा आणि फक्त पहिली तीन मिनिटं खेळा. सुरुवातीला १२ वर्कर असतात. सप्लाय (वर्कर आणि सैनिकांनी व्यापलेल्या जागा) १४ झाला की सप्लाय डेपो, १६ ला बॅरक्स, लगेच रिफायनरी. १९ च्या सुमारास बॅरक्स पूर्ण होतं, त्यातून रीपर काढा आणि कमांड सेंटरचं ऑर्बिटल करा. ४०० मिनरल जमले की दुसरं कमांड सेंटर. हात बसला की पहिला डेपो अठराव्या सेकंदाला आणि बॅरक्स चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास सुरू होतं. दुसरा बेस पावणेदोन मिनिटांच्या आत. तीन मिनिटं झाली की गेम सोडा, पुन्हा सुरू करा. कंटाळवाणं आहे. पण पुढचा सगळा गेम या तीन मिनिटांवर उभा राहतो, आणि इथे गमावलेले दहा सेकंद नंतर कुठलीच युक्ती परत आणून देत नाही.

इथे एक खोड हमखास लागते. कमांड सेंटरमध्ये पाच एससीव्ही एकदम रांगेला लावले की आता तासभर काळजी नाही असं वाटतं. पण एक एससीव्ही ५० मिनरलचा, तयार व्हायला १२ सेकंद. पाच लावले म्हणजे २५० मिनरल गेले, आणि त्यांतले २०० नुसते अडकून पडले. त्यात एक बॅरक्स उभं राहिलं असतं. तव्यावरची भाकरी शेकत असताना पुढची थापून तयार ठेवतात, पाचही एकदम थापून ठेवत नाहीत. एक चालू, एक रांगेत, बस्स. ऑर्बिटल पूर्ण होताच म्यूल सोडा. ६४ सेकंद ते मिनरल खणतं आणि त्याला मिनरल पडत नाहीत, ऑर्बिटलची ५० ऊर्जा तेवढी लागते.

सप्लाय अडकला की सगळंच थांबतं. एका डेपोने ८ जागा वाढतात आणि तो बांधायला २१ सेकंद लागतात, तेव्हा जागा संपल्यावर बांधायला घेतला तर २१ सेकंद हात चोळत बसायचं. पाच बॅरक्स चालू असताना तर एक वर्कर डेपोंच्याच कामाला जुंपून ठेवावा लागतो.

आता पूर्ण गेम खेळा. एका बेसवर १६ वर्कर मिनरलला आणि दोन गॅसवर तीन-तीन, असे २२ पुरतात. दोन बेसना ४४. हिशेबाने पाचव्या मिनिटाला हा आकडा गाठता येतो. तुम्हाला सहाव्या मिनिटाला गाठता आला तरी तयारी चांगली चालली आहे असं समजा. या टप्प्यावर सैन्यात फक्त मरीन ठेवा. हल्ला करताना नुसतं राइट-क्लिक नको; ए दाबून मग क्लिक करा, म्हणजे वाटेत शत्रू दिसला तर सैन्य थांबून लढेल. सैन्य चालत असताना नजर लढाईवर असली तरी ४-एस, ५-ए चालूच राहिलं पाहिजे. अवघड आहे ते हेच.

एआयची पातळी एकेक करत वाढवा. ‘एलिट’ला सातत्याने हरवायला लागलात की ऑनलाइन जायला हरकत नाही. त्यापुढचे ‘चीटर’ एआय फसवणूक करूनच खेळतात, कुणाला सगळा नकाशा दिसतो, कुणाला जास्तीचं उत्पन्न मिळतं. त्यांच्या नादी लागू नका. त्यापेक्षा एआयला ‘फुल रश’, म्हणजे सुरुवातीलाच धडक, खेळायला सांगा. लॅडरवर, म्हणजे रँकच्या ऑनलाइन मॅचमध्ये, झर्गचे झर्गलिंग दोन मिनिटांच्या आसपास दारात येऊ शकतात. बेसच्या उताराच्या तोंडाशी दोन डेपो आणि एक बॅरक्स बांधलं की वाट बंद होते. आपलं सैन्य बाहेर काढताना डेपो खाली करायचा, आत आलं की पुन्हा वर. आणि न दिसणारी युनिटंही असतात. प्रोटॉसचा डार्क टेम्पलर शिरला की ऑर्बिटलच्या स्कॅनशिवाय किंवा मिसाइल टरेटशिवाय तो सहसा मरत नाही, नुसतं सैन्य कापून काढतो. स्कॅनलाही ५० ऊर्जा लागते, म्हणून शंका आली की एक म्यूल कमी सोडा.

रिप्ले आपोआप साठतो. बघताना समोरच्याकडे दुर्लक्ष करून वरच्या डाव्या यादीतून ‘प्रॉडक्शन’ निवडा. तुमच्या रांगेत एससीव्ही जिथे गायब होतो तिथे रिप्ले थांबवा आणि त्या क्षणी तुम्ही काय बघत होता ते पाहा. रिप्लेमधल्या कुठल्याही क्षणापासून पुढे खेळायची सोयही आहे. तीच चूक त्याच जागी पुन्हा खेळून सुधारता येते.

ऑनलाइनची सुरुवात अनरँक्डने करा. तिथला हिशेब वेगळा असतो, रँकला धक्का लागत नाही. अमेरिका, युरोप, आशिया असे विभाग निवडता येतात. भारतातून कुठे आज्ञा वेळेवर पोचते हे इंटरनेटवर अवलंबून आहे, तेव्हा प्रत्येक विभागात एखादी मॅच खेळून ठरवा.

मॅच संपताना ‘जीजी’, म्हणजे ‘गुड गेम’, लिहून बाहेर पडायची रीत आहे. टेरनच्या काही इमारती उडतात, त्यामुळे सगळं गमावल्यावर एक बॅरक्स नकाशाच्या कोपऱ्यात तरंगत ठेवून समोरच्याचा वेळ खाता येतो. नियमात बसतं, पण करू नका.