वसतिगृह वेगळे, वर्ग एकच

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, हे सर्वज्ञात आहे. त्याहून अवघड निर्णय १९१९ चा. अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर एकत्र बसवावे, असा हुकूम त्यांनी काढला. वेगळी शाळा काढणाऱ्यास दातृत्वाची कीर्ती मिळते. ती मोडणाऱ्यास गावाचा रोष पत्करावा लागतो.

मात्र याच राजाने १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले होते. यात विसंगती नाही. खेड्यातून आलेल्या त्या मुलाला कोल्हापुरात खोली कोण देणार होते? निवारा स्वतंत्र हवा होता, वर्ग नव्हे.

आपली परभणी तेव्हा निजामाच्या अमलाखाली. करवीरचा हुकूम येथे लागू नव्हता. मराठवाड्यातील आपल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाचे मोठे दार उघडले ते १९५० साली, बाबासाहेबांच्या औरंगाबादच्या महाविद्यालयाने. तेथेही वर्ग सर्व जातींना खुले होते.

बौद्धांनी चालविलेल्या वसतिशाळेत इतरांची मुले का घ्यावीत, असा प्रश्न पालकसभेत अधूनमधून निघतो. विचारणाऱ्यांनी १९०८ आणि १९१९ ही दोन वर्षे शेजारी ठेवून वाचावीत.