शिफारसपत्र

अमेरिकेत हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट नावाचे ठिकाण आहे. तेथे १८०२ साली स्थापन झालेले प्रसिद्ध सैनिकी विद्यालय आहे. त्यात प्रवेश मिळविण्याची रीत आपल्याकडील रीतीहून निराळी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाऊ इच्छिणारा विद्यार्थी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसतो. त्याला कोणा लोकप्रतिनिधीच्या पत्राची गरज पडत नाही. वेस्ट पॉइंटच्या बहुतेक उमेदवारांना मात्र प्रथम काँग्रेसच्या, म्हणजे तेथील कायदेमंडळाच्या, एखाद्या सभासदाची शिफारस मिळवावी लागते. देशाच्या सर्व भागांतील मुलांना संधी मिळावी म्हणून १८४३ च्या कायद्याने प्रत्येक मतदारसंघाला एक जागा ठरवून दिली. अभ्यासक्रम चार वर्षांचा. तेव्हा ती जागा क्वचितच रिकामी होई. हेतू चांगला होता, पण दाराची किल्ली एका माणसाच्या हाती राहिली.

हेन्री फ्लिपर याचा जन्म १८५६ साली जॉर्जिया संस्थानात गुलामगिरीत झाला. त्याचे वडील फेस्टस हे चांभारकाम करीत. त्यांचा मालक एक, आणि पत्नीचा व मुलाचा मालक दुसरा! फेस्टस यांचा मालक गाव सोडून अटलांटाला निघाला, तेव्हा कुटुंबाची ताटातूट होण्याची वेळ आली. फेस्टस यांनी आपल्या कष्टाच्या पैशांतून रक्कम पुढे केली आणि पत्नी व मुलाला त्याच मालकाने विकत घ्यावे अशी व्यवस्था केली. आपल्याच माणसांची किंमत त्यांना मोजावी लागली. पुढे १८६५ साली गुलामगिरी संपली आणि हेन्री अटलांटा विद्यापीठात शिकू लागला.

१८७३ च्या आरंभी त्याने जेम्स फ्रीमन यांना पत्र लिहिले. फ्रीमन हे त्या मतदारसंघातून नुकतेच निवडून आलेले गोरे गृहस्थ होते. वेस्ट पॉइंटसाठी आपले नाव सुचवावे, अशी विनंती त्याने केली. फ्रीमन यांनी ती धुडकावली नाही, किंवा लगेच मान्यही केली नाही. उमेदवार लायक ठरल्यास आपण आनंदाने शिफारस करू, असे त्यांनी कळविले आणि त्याची अधिक माहिती मागविली. पत्रव्यवहार झाला. अखेर त्यांनी हेन्रीचे नाव सुचविले.

ही वार्ता पसरताच एक विलक्षण प्रसंग उद्भवला. एका गोऱ्या गृहस्थाला ती जागा आपल्या मुलासाठी हवी होती. हेन्रीने माघार घ्यावी म्हणून त्याने ५,००० डॉलर देऊ केले. चांभाराच्या घरी एवढी रक्कम म्हणजे केवढे द्रव्य! पण सतरा वर्षांच्या हेन्रीने ते नाकारले.

शिफारस मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला असे नव्हे. वाचन, लेखन, अंकगणित, व्याकरण, भूगोल, इतिहास या विषयांची परीक्षा आणि शरीराची तपासणी यांतून पार पडावे लागे. १८७० साली मायकेल हॉवर्ड या कृष्णवर्णीय मुलाला शिफारस मिळाली होती. परंतु तो परीक्षेत अनुत्तीर्ण झाला. त्याच वर्षी जेम्स स्मिथ आत गेला, पण चार वर्षे छळ सोसूनही त्याला पदवी मिळाली नाही. हेन्री परीक्षेत उतरला आणि १ जुलै १८७३ रोजी विद्यार्थी म्हणून दाखल झाला.

पुढील चार वर्षे गोऱ्या सहाध्यायांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. कामापुरते बोलावे, एरवी त्याच्याशी मैत्रीचा शब्दही बोलू नये, असा जणू संकेतच ठरला होता. शरीराला झालेली जखम दिसते तरी; ही दिसतही नव्हती. १४ जून १८७७ रोजी त्याचे नाव पुकारले गेले. ७६ जणांत त्याचा क्रमांक ५० वा होता. वेस्ट पॉइंटची पदवी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. तो पदवी घेण्यास पुढे आला, तेव्हा सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला.

घोडदळात अधिकारी झाल्यावर त्याने फोर्ट सिल येथील साचलेले पाणी चर खणून वाहते केले. त्या डबक्यांमुळे तेथे हिवतापाचा उपद्रव असे. परंतु १८८१ साली त्याच्यावर सरकारी पैशांच्या अफरातफरीचा आरोप आला. सैनिकी न्यायालयाने त्याला त्या आरोपातून मुक्त केले, तरी अधिकाऱ्यास न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल दोषी धरले. १८८२ साली तो सेनेतून बडतर्फ झाला. पुढे त्याने स्थापत्य अभियंता म्हणून नाव मिळविले. पण कलंक धुऊन निघावा म्हणून तो पुन्हा पुन्हा काँग्रेसच्या सभासदांची दारे ठोठावीत राहिला. ज्या दारातून एकदा पत्र मिळाले होते, ते दार आता उघडले नाही. १९४० साली त्याचे निधन झाले.

१९७६ साली सेनेने त्याची बडतर्फी सन्मान्य सेवामुक्तीत बदलली. १९९९ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्याला क्षमा जाहीर केली. विलक्षण अडचणींतही चिकाटी आणि नेतृत्व दाखविणाऱ्या वेस्ट पॉइंटच्या पदवीधराला आज हेन्री फ्लिपर याच्या नावाचे पारितोषिक दिले जाते.