वेग पंचेचाळीस, वेळ मात्र तुझी

हे बघ, फ्रान्सच्या खेड्यात राहायला आली आहेस ना, मग गाडीचा प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. तुमच्या क्रूझसारख्या जिल्ह्यात बस असते ती बहुतेक शाळेच्या वेळांना, आणि शाळेला सुट्टी लागली की तीही दिसत नाही. पाव आणायला शेजारचं गाव, औषधाला त्याच्या पुढचं, डॉक्टरकडे जायचं तर थेट गेरे शहर. जावई सकाळी गाडी घेऊन कामावर गेले की तू संध्याकाळपर्यंत घरात. दिवस बरा जातो म्हणतेस, पण मला तुझा आवाज कळतो गं. इथे लिमुझँमध्ये अशा बायका मी पाहिल्या आहेत. भाषा येत नाही म्हणून बाहेर पडत नाहीत, आणि बाहेर पडत नाहीत म्हणून भाषा येत नाही. त्या चक्रात तू अडकू नयेस, म्हणून सांगते, छोटी गाडी घे.

त्या गाड्या तू पाहिल्या असशील. दोनच जणांची, बुटकी, मागे ट्रॅक्टर आणि मोटारींची रांग घेऊन शांतपणे चाललेली. व्हॉतुर साँ पेर्मी म्हणतात तिला, म्हणजे बिनपरवान्याची गाडी. कायद्याने तिचा वेग ताशी ४५ किमीच्या वर जाऊ शकत नाही, ताकद ६ किलोवॉटपर्यंत, वजन बॅटरी सोडून ४२५ किलोच्या आत. क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. पुढे, मध्ये आणि मागे, एवढंच. डिझेलची असेल तर आवाज आपल्याकडच्या जुन्या रिक्षासारखा येतो, त्याची सवय होते.

आता परवान्याचं नीट ऐक. आपलं भारतातलं लायसन्स इथे मुक्काम सुरू झाल्यापासून साधारण वर्षभरच चालतं. त्यानंतर मोटारीचा इथला परवाना हवा. लेखी परीक्षेत ४० प्रश्न, त्यांतले ३५ बरोबर यायला लागतात, आणि तेही फ्रेंचमधून. मग शिकवणीचे तास, मग परीक्षेच्या तारखेची वाट. हे सगळं तू करशीलच, पण तोवर घरात बसायचं कारण नाही. ज्यांचा जन्म १ जानेवारी १९८८ च्या आधीचा, त्यांना ही छोटी गाडी चालवायला कुठलाच परवाना लागत नाही. तू त्यानंतरची, म्हणून तुला ‘एएम’ परवाना काढावा लागेल. घाबरू नकोस, तो १४ वर्षांची मुलंसुद्धा काढतात. त्याआधी रस्ता-सुरक्षेचं एक प्रमाणपत्र लागतं. ते मुलांना शाळेतच मिळतं, आणि तुझ्यासारख्या शाळा ओलांडलेल्यांची परीक्षा ग्रेता नावाच्या प्रौढ-प्रशिक्षण केंद्रात होते. मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोन दिवसांत मिळून किमान आठ तासांचं शिक्षण. शेवटी परीक्षा नसते.

परीक्षा नाही म्हणून ते आठ तास उरकून टाकू नकोस. शिकवणाऱ्याला आधीच सांग की मला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या आहेत. एक म्हणजे गोल चौक, कारण आपण आयुष्यभर डावीकडून चाललो, आणि इथे चौकात उलट्या बाजूने शिरायचं असतं. दुसरी उजवीकडच्याचा मान. गावात चौकात काहीच खूण नसेल तर उजव्या हाताच्या बोळातून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळ कितीही अरुंद असो. बाहेरून आलेल्यांची गाडी इथेच हमखास घासते.

रस्ता निवडणं ही या गाडीची अर्धी विद्या आहे. ऑटोरूट, म्हणजे द्रुतगती मार्ग, तर तिला बंदच, पण निळ्या चौकोनात पांढरी मोटार काढलेली पाटी दिसली की तो रस्ताही तुझा नाही. गेरेवरून जाणारा चौपदरी एन-१४५ बहुतांश भागात असाच आहे. फोनवरचा नकाशा तुला खुशाल त्यावर नेऊन सोडेल. म्हणून एखाद्या रविवारी जावयांना शेजारी बसवून दवाखाना, बाजार, मेरी, म्हणजे आपली ग्रामपंचायत, या तिन्ही ठिकाणचे आतले रस्ते आधी पाहून ठेव. ‘डी’ने सुरू होणारे जिल्हा रस्ते तुझे. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

त्या जिल्हा रस्त्यांवर बाकीची वाहनं ८० ने येतात. काही ठिकाणी मर्यादा ९० आहे. तुझ्यात आणि त्यांच्यात तेवढा फरक आहे हे क्षणभरही विसरू नकोस. वळणाच्या अलीकडेच आरसा बघ, कारण वळणानंतर तू अचानक दिसलीस तर मागच्याला ब्रेक लावायला जागा राहत नाही. मागे रांग झाली की सुरक्षित जागा पाहून बाजूला थांब आणि त्यांना पुढे जाऊ दे. मात्र कुणी भोंगा वाजवतो म्हणून खड्ड्याच्या कडेला जाऊन चालवू नकोस. आपल्या पट्ट्यात ठाम राहा. कडेला सरकलीस की ते पुरेशी जागा नसतानाही घुसतात. मधल्या रेषेचे लांब तुकडे आणि त्यांत छोट्या फटी दिसतील, तिथे संथ वाहनाला ओलांडायची परवानगी असते. ती रेषा ट्रॅक्टरसाठी आणि तुझ्यासाठीच आखलेली आहे. तिथे वेग तसाच ठेव, म्हणजे मागच्याला तुझा अंदाज येतो. दिवे दिवसाही चालू ठेव. नोव्हेंबरच्या धुक्यात आणि पहाटेच्या बर्फात काम पुढे ढकलता येत असेल तर ढकल. हलकी गाडी घसरते लवकर. संध्याकाळी जंगलाच्या कडेने हरणं आडवी येतात, तिथे ४५ सुद्धा जास्त होतात.

सुरक्षिततेबद्दल तुझ्यापासून काही लपवणार नाही. या गाड्यांना मोटारीसारखं कवच नसतं. युरो एनकॅप या संस्थेने २०१४ आणि २०१६ मध्ये यांच्याच थोड्या वजनदार भावंडांना ताशी ५० किमीने आदळवून पाहिलं. २०१६ च्या चाचणीत आपल्या पुण्याच्या बजाजची क्यूटही होती. निकाल चांगले नव्हते. म्हणून पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. पिल्लाला बरोबर नेणार असशील तर मागे सीटच नसल्यामुळे त्याला पुढे बसवायला कायद्याची हरकत नाही, पण त्याच्या मापाची खुर्ची हवीच. मागे तोंड करून बसणारं बाळ असेल आणि गाडीला पुढची एअरबॅग असेल तर ती बंद करून घे. आणि वाहता रस्ता, अंधार, पाऊस, हे तिन्ही एकदम असतील तेव्हा बाळाला घेऊन निघू नकोस. एवढं माझं ऐक.

घेताना कुठली घ्यायची? डिझेलमध्ये साव्हुआतली एक्साम, व्हिशीजवळची लिजिए, आणि आमच्या लिमोजच्या दक्षिणेला बनणारी शातने, ही जुनी घराणी. विजेवरची सित्रोएन आमी २०२० मध्ये आली आणि तिने किंमत बरीच खाली आणली. घरच्या साध्या प्लगवर तीन तासांत भरते, पण एका भरण्यात ७५ किमीच्या आसपास जाते, आणि थंडीत, चढावर त्याहून कमी. तुझं गेरेचं जाणं-येणं मोजून बघ, मग ठरव. जुनी घेणार असशील तर इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा कधी बदलला ते विचार, आणि त्या कंपनीचा दुरुस्तीवाला किती लांब आहे ते आधी बघ. गावातला नेहमीचा गॅरेजवाला कित्येकदा या गाड्यांना हात लावत नाही. वेगाची मर्यादा काढून दिलेली गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर चक्क पाठ फिरव. ते बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. विमा सक्तीचाच आहे आणि तो स्वस्त नसतो, तेव्हा गाडी घेण्याआधी त्याचा भाव काढ. एप्रिल २०२४ पासून या गाड्यांनाही तांत्रिक तपासणी लागू झाली आहे. गाडीला पाच वर्षं होताना पहिली, मग दर तीन वर्षांनी. जुन्या गाडीचा तो कागद मागून घे.

आणखी एक, कारण मला माहीत आहे की तुझ्या मनात ते आहे. गावात काही लोक या गाडीकडे तिरक्या नजरेने बघतात. दारू पिऊन परवाना गमावलेल्यांची गाडी, असा शिक्का तिच्यावर फार वर्षांपासून आहे. त्याच गाडीने कधीच परवाना न काढलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका नवरा गेल्यावरही आपलं घर, आपलं आवार सोडून गेल्या नाहीत, हे मात्र कुणी बोलत नाही. आणि तुला ठाऊक आहे का, लिजिए उभी करणारे गी लिजिए स्वतः फॉर्म्युला वनमध्ये धावलेले. १९६८ मध्ये रूआँच्या शर्यतीत त्यांचा मित्र जो श्लेसर गेला, आणि त्याची आद्याक्षरं ‘जेएस’ त्यांनी आपल्या शर्यतीच्या गाड्यांना दिली, मग या छोट्या गाड्यांनाही. वेगाची एवढी किंमत मोजलेल्या माणसाला ४५ च्या गाडीत कमीपणा वाटला नाही. तुला का वाटावा?

तेव्हा या आठवड्यात ग्रेताला फोन कर. फ्रेंच अडलं तर मला फोनवर घे, मी बोलते. एएम हातात आला की आधी बाजाराच्या दिवशी एकटी जा, भाजीवालीशी दोन वाक्यं बोल, परत ये. मोटारीच्या परवान्याचा अभ्यासही चालू ठेव. रोज रस्त्यावर असलीस की त्या चाळीस प्रश्नांतले निम्मे तुला अनुभवाने येतील. पुढे मोठी गाडी घेशील तेव्हा घे. पण ‘आज तुम्हाला वेळ आहे का’ असं जावयांना विचारल्यावाचून तुला दवाखान्यात, ग्रंथालयात, मैत्रिणीकडे जाता आलं पाहिजे, आणि ते या हिवाळ्याच्या आतच जमलं पाहिजे.