स्विचचा कारभार आणि देखरेख : वर्गातले काही शब्द

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या शिक्षकांना शाळेतले संगणकाचे जाळे कसे तपासावे, हे मी मराठीतून शिकवतो. त्यात सर्वांत जास्त वेळ शब्दांवर जातो. जाळे बंद पडले की तंत्रज्ञाला शाळेतून जाणारा निरोप ठरलेला : "नेट चालत नाही." एवढ्यावरून बिघाड कुठे आहे ते कळत नाही आणि माणूस येईपर्यंत संगणक कक्षाला कुलूप लागते. गोवा ब्रॉडबँड नेटवर्कची तार पंचायतींपर्यंत गेली. पण शेवटचा टप्पा भिंतीवरच्या पेटीतल्या स्विचमध्येच असतो. बऱ्याच स्विचना स्वतःचे वेबपान असते. ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाकला की ते उघडते.

'स्विच' आणि 'पोर्ट' हे शब्द तसेच ठेवावेत असे माझे मत आहे. 'जालबदलक' वर्गात चार दिवसही टिकत नाही. मराठी हवी ती क्रियांना आणि अवस्थांना. मॉनिटर आणि मॅनेज यांसाठी मी 'देखरेख' आणि 'कारभार' हे जुने शब्द वापरतो. देखरेख म्हणजे नुसते पाहणे. त्याने काही बिघडत नाही. कारभार म्हणजे बदल करणे; त्याला अधिकार लागतो. बऱ्याच स्विचवर फक्त पाहण्यापुरते वेगळे खाते काढता येते. शिक्षकाने तेच मागून घ्यावे.

देखरेखीत पाहायचे काय? डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत एक संगणक फार संथ चालत होता. वेबपानावर पोर्ट ७ चा वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसला. तांब्याच्या तारेवर १००० साठी चारही जोड्या, म्हणजे आठही तारा, धड असाव्या लागतात. १०० ला दोन जोड्या पुरतात. म्हणजे एखादी तार तुटलेली किंवा टोकाशी गंजलेली असणार. आपल्या दमट हवेत हे नवल नव्हे. शिक्षिकेने फोनवर सांगितले, "पोर्ट ७ चा वेग हजारावरून शंभरावर आलाय." तंत्रज्ञ नवीन टोक घेऊनच आला आणि एका फेरीत काम झाले.

दुसरा आकडा चुकांचा. तो मोठा दिसला म्हणून घाबरू नये. तो कित्येक महिन्यांचा साठा असू शकतो. प्रार्थनेच्या वेळी एकदा आणि मधल्या सुट्टीत एकदा लिहून घ्यावा. वाढत असेल तरच तार तपासायची.

एकाच तारेची दोन्ही टोके कोणी स्विचमध्येच खोचली तर काय होते, हे सांगताना मला 'दवंडी' उपयोगी पडते. सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश, म्हणजे ब्रॉडकास्ट, ही दवंडी. तो त्या फेऱ्यात अडकतो, पुन्हा पुन्हा पिटला जातो आणि क्षणात साऱ्या जाळ्याचे बोलणे बुडते. पोर्टांचे दिवे तेव्हा वेड्यासारखे लुकलुकतात. हा फेरा ओळखून एक वाट बंद ठेवण्याची युक्ती राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढली. ती स्विचमध्ये चालू आहे का, हे वेबपानावर पाहता येते. बंद असली तरी चालू करणे हा मात्र कारभार.

व्हीलॅनला मी 'मेर' म्हणतो. शेत एकच, पण मेर घातली की या कुणग्यातले पाणी त्या कुणग्यात जात नाही. तसे एकाच स्विचवर कचेरीचे आणि विद्यार्थ्यांचे संगणक वेगळे राखता येतात. उपमा पूर्ण बसत नाही, कारण मेर डोळ्यांना दिसते आणि व्हीलॅन फक्त वेबपानावर. तरी पेडण्याच्या शिक्षकांना ती दुसऱ्यांदा समजवावी लागलेली नाही.

शेवटचा शब्द 'सेव्ह'. कित्येक स्विचवर केलेला बदल लगेच लागू होतो. पण तो जतन केला नाही तर वीज जाताच पुसला जातो, आणि पावसाळ्यात वीज जातेच. यासाठी मी शिक्षकांच्या परिचयाचे दोन शब्द घेतले : लागू झालेला बदल 'हंगामी', जतन केलेला 'कायम'. या दोहोंतला फरक एकाही शिक्षकाने मला आजवर विचारलेला नाही.