गाणं तुमचं, नाव तुमचं, पण कागदावर कुणाचं?

कालच्या व्हिडिओमध्ये कॉपीराइट आणि ट्रेडमार्क हा विषय घेतला, पण वेळ कमी पडला. म्हणून आज निवांत, लेखी स्वरूपात. वही-पेन घेऊन बसा.

माझं वाद्यांचं आणि साउंड सिस्टीमचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आमचा एक जुना गिऱ्हाईक आहे, बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. 2021 मध्ये त्याने गणपतीचं एक गाणं केलं. शब्द त्याचे, चाल त्याची. एका चॅनलवाल्यांनी स्टुडिओचा खर्च केला, हातात 8,000 रुपये ठेवले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली. गाणं जोरात चाललं. पुढच्या वर्षी त्याने मिरवणुकीत स्वतः वाजवलेल्या त्याच गाण्याचा व्हिडिओ टाकला, तर त्यावर कॉपीराइट क्लेम आला! दुकानात येऊन म्हणाला, "दादा, माझंच गाणं, आणि मलाच चोर ठरवतायत?"

चूक नक्की कुठे झाली, तेच आज शिकायचं आहे.

1. गाणं एक, मालमत्ता तीन

आपण "गाणं" म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत.

शब्द: मूळ मालक गीतकार.
चाल: मूळ मालक संगीतकार.
रेकॉर्डिंग: मालक निर्माता, म्हणजे ज्याने रेकॉर्डिंग करून घेतलं तो.

शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. गायकाला आणि वादकाला कलाकार म्हणून वेगळे हक्क असतात, ते 50 वर्षं.

एक उदाहरण बघा. तुकोबांचा अभंग घेतला तर शब्द सगळ्यांचे. पण त्याला एखाद्या आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल सगळ्यांची नाही! "अभंग जुना आहे, कोण विचारतंय" असं म्हणून तीच चाल उचलली तर अडचणीत याल.

आपल्या मित्राचे शब्द आणि चाल त्याची होती, रेकॉर्डिंग चॅनलचं. सही करताना त्याला वाटलं, आपण फक्त रेकॉर्डिंग देतोय. कागदावर मात्र लिहिलं होतं, "सर्व हक्क दिले".

2. सही करण्याआधी चार गोष्टी बघा

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, त्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली. त्यातले हे मुद्दे पाठच करा.

मुदत: हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो.
प्रदेश: कुठल्या देशासाठी हे लिहिलं नसेल, तर फक्त भारत धरला जातो.
वापर: हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर सहसा ते परत येतात. कागदात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.
रॉयल्टी: गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कायद्याने राखलेला आहे. तो सोडून दिल्याचं लिहून घेतलं तरी ते चालत नाही.

मित्राच्या कागदात मुदत नव्हती, देश नव्हता. म्हणजे तो समजत होता तसा कायमचा बुडाला नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या पाच वर्षांपुरता चॅनलवाल्यांचा क्लेम चुकीचाही नव्हता. वकिलाकडून नीट पत्र गेल्यावर त्याला स्वतःचे लाइव्ह व्हिडिओ टाकण्याची लेखी परवानगी मिळाली. रॉयल्टीची बोलणी अजून चालू आहेत. सहीआधी वकिलाला दाखवलं असतं तर हजार-दोन हजारांत काम झालं असतं.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेलं नाही बरं का. अमेरिकेची टेलर स्विफ्ट. तिच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ रेकॉर्डिंगची मालकी कंपनीकडे होती, आणि 2019 मध्ये ती विकली गेली. पण गाणी लिहिल्याचा हक्क तिच्याकडे होता, म्हणून 2021 पासून तिने जुने अल्बम पुन्हा रेकॉर्ड करून काढले. शेवटी 2025 मध्ये मूळ रेकॉर्डिंगही विकत घेतली. रेकॉर्डिंग हातचं गेलं तरी शब्द-चाल हातात ठेवा, हा त्यातला धडा.

3. यूट्यूबवर क्लेम वेगळा, स्ट्राइक वेगळा

कंटेंट आयडीचा क्लेम आला की सहसा व्हिडिओ राहतो, पण जाहिरातीचे पैसे समोरच्याकडे जाऊ शकतात. तुम्ही आक्षेप घेतलात की समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस असतात. स्ट्राइक मात्र गंभीर. 90 दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. म्हणून घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका. आधी वाचा, क्लेम कशावर आहे? शब्द-चालीवर की रेकॉर्डिंगवर?

आणि नेटवरून घेतलेला बीट जर अनेकांना विकला जात असेल, तर त्यावरचं गाणं कंटेंट आयडीला देऊ नका. तोच बीट वापरणाऱ्या दुसऱ्यावर तुमचा खोटा क्लेम जाईल.

4. नावाचं काय?

पार्टीचं नाव कॉपीराइटमध्ये येत नाही. गाण्याच्या किंवा सिनेमाच्या नुसत्या नावाला कॉपीराइट नसतो, हे सुप्रीम कोर्टाने 2015 साली 'देसी बॉइज'च्या प्रकरणात स्पष्ट केलंय. नावासाठी ट्रेडमार्क.

कार्यक्रम करत असाल तर वर्ग 41, रेकॉर्डिंग विकत असाल तर वर्ग 9, टी-शर्ट काढत असाल तर वर्ग 25. एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्जाआधी सरकारी वेबसाइटवर नाव फुकट शोधता येतं. नावापुढे टीएम लगेच लावू शकता, पण गोलातला आर नोंदणी झाल्यावरच. आधी लावला तर गुन्हा आहे.

आणि अर्ज कुणाच्या नावावर? पार्टीत पाच जण असाल तर हे आजच ठरवा. भांडण झाल्यावर पाचही जण म्हणतात, नाव मीच सुचवलं होतं.

5. या आठवड्याचा गृहपाठ

अ) प्रत्येक गाण्यासाठी एक पान करा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, खर्च कुणाचा, तारीख. सगळ्यांच्या सह्या घ्या.
आ) मोबाइलवरचं पहिलं कच्चं रेकॉर्डिंग डिलीट करू नका. तो पुरावा आहे.
इ) कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. पण भांडणात नोंदणी कामाला येते. संगीतकृतीची फी 500 रुपये, रेकॉर्डिंगची 2,000.
ई) गीतकार-संगीतकार असाल तर आयपीआरएसचं सभासदत्व बघा. ही संस्था 1969 पासून आहे आणि रॉयल्टी गोळा करून वाटते.
उ) जुने सगळे करार काढा आणि त्यात मुदत आणि देश शोधा.

दुकानात उधारी देताना आपण वहीत लिहितो ना? मग आयुष्याची कमाई देताना न वाचता सही का करायची? मोठा करार असेल तर वकिलाला दाखवाच, त्याची फी हा खर्च नाही, विमा आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर वाजवत राहा, आणि लिहून ठेवत राहा!