धुराने गारठा अडतो का?

प्रश्न : पंचगंगेकाठच्या आमच्या मळ्यात माळापेक्षा जास्त गारठा पडतो. भाजीपाल्यासाठी रात्री पाचट पेटवून धूर करावा का?
– एक शेतकरी, करवीर

उत्तर : गारठा वरून पडत नाही. निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता आकाशाकडे सोडते. तिला लागून असलेली हवा गार, जड होऊन उतारावरून नदीकाठच्या सखल भागात साचते. ढगाळ रात्री ऊब टिकते, मग धुरानेही टिकेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ढगांतले जलकण ही उष्णता शोषून जमिनीकडे परत पाठवतात, धुराचे बारीक कण तिला फारसे अडवत नाहीत. उलट धूर थंड थरात कोंडून श्वासाला त्रास होतो. त्यापेक्षा दिवसा हलके पाणी द्या. ओली माती ऊब जास्त साठवते. रोपे संध्याकाळी झाका, सकाळी उघडा. कोल्हापुरात पारा सहसा गोठणबिंदूपर्यंत उतरत नाही. एवढी काळजी पुरेशी आहे.