कुपीचं बूच आधी काढा

हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवरच्या एका दुकानातून मी तपकिरीची जुनी चिनी कुपी घेतली. चिनी मातीची, जेमतेम तीन इंच उंच. पांढऱ्या अंगावर निळ्या रंगात डोंगर, नदी आणि होडीतला कोळी. बुडाशी योंगझंग बादशहाच्या, म्हणजे 1723 ते 1735 या कारकिर्दीचा शिक्का. बूच घट्ट बसलं होतं. ‘जुनं आहे, ओढलंत तर मान तुटेल,’ असं दुकानदारानं बजावलं. पुण्याला आल्यावर कुपी कोमट पाण्यात ठेवली, तर बुचाबरोबर मानेवरचा रंगही सुटून आला. मान कधीचीच तुटलेली होती. ती राळेनं जोडून, वर पांढरा रंग चढवून, बूच मुद्दाम चिकटवलं होतं.

ऐकणारे लगेच शिक्क्यालाच नावं ठेवतात. मला ते पटत नाही. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या ज्या कुप्या आज बाजारात दिसतात, त्यांतल्या बहुतेक 19व्या शतकातल्या, जिंगदेझेनच्या भट्ट्यांतल्या आहेत. तिथले कारागीर आधीच्या बादशहांचे शिक्के सर्रास घालत. तशी रीतच होती. म्हणून शिक्का जुन्या बादशहाचा असला तरी कुपी शंभरेक वर्षांनंतरची असू शकते, आणि तरीही ती अस्सल आणि देखणी असते. मात्र तिची किंमत योंगझंगच्या काळाची लावू देऊ नका. जुनेपणाचे असे फसवे दावे काही नवे नाहीत. 1830च्या दशकात अशाच छोट्या चिनी कुप्या इजिप्तच्या प्राचीन थडग्यांत सापडल्याचा गाजावाजा झाला होता. त्यांवरच्या चिनी ओळी जाणकारांनी वाचल्या तेव्हा त्या थडग्यांनंतर कित्येक शतकांनी झालेल्या कवींच्या निघाल्या.

तेव्हा कुपी हातात घेतली की बूच काढायला सांगा. मानेच्या आत टॉर्चचा उजेड पाडा आणि कडेवरून नख फिरवा. जोडलेल्या जागी झिलईचा गुळगुळीतपणा एकदम तुटतो. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. कोबाल्टचा निळा रंग झिलईखाली असतो आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यात कुठे गडद साचतो, कुठे विरळ होतो. त्याऐवजी ठिपक्यांची सारखी जाळी दिसली, तर चित्र छापील आहे. बुडाची कड वापरानं झिजते, पण सगळीकडे सारखी नाही. एकसारखा तपकिरी मळ दिसला तर तो चोळलेला असण्याची शक्यता मोठी. बूच नंतरचं असेल तर त्यात वावगं काही नाही, फक्त तसं सांगायला हवं. बुचाला लावलेला चमचा हस्तिदंती असेल तर कुपी घेऊच नका. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.

चीनच्या मुख्य भूमीवर खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 1911 पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास तिथे मनाई आहे. ‘अस्सल चिंग काळातली आहे, खुशाल घेऊन जा,’ असं कुणी म्हणालं, तर त्यातली एक तरी गोष्ट खोटी असते.

नजर तयार करायला मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी माती तिथे पाहायला मिळते. आणि कुपी घ्यायचीच ठरली, तर काळ कोणता, दुरुस्ती कुठे केली आहे, हे पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला जो का-कू करील, त्याच्याकडे पैसे देऊ नका.